अर्धा अँपिअर

पद्मजाबाई माणगावे यांच्या लग्नाला छत्तीस वर्षे झाली होती आणि आवाज गेला त्याला दीड. पहिल्या साडेचौतीस वर्षांत त्यांच्या नवऱ्याला जे कधी कळले नाही, ते गेल्या सहा महिन्यांत त्याला न सांगताच कळू लागले होते.

आमटीत मीठ जास्त पडले, तरी पद्मजाबाई बोलून दाखवत नसत. त्यांच्या आजारपणापासून स्वयंपाकाचे निम्मे काम जिनदत्तरावांनी अंगावर घेतले होते, त्यात पुन्हा नावे कशाला ठेवायची? पण दुसऱ्या दिवशी मीठ बरोबर असे. बसायच्या जागी दुपारचे ऊन डोळ्यांवर येई. त्याबद्दलही त्या काही बोलल्या नव्हत्या, तरी आठवड्याच्या आत खिडकीला पडदा लागला. कोल्हापूरच्या ताईची फार आठवण आली, तेव्हा तर जिनदत्तरावांनी आपण होऊन गाडी काढली. पद्मजाबाईंनी ताईला सांगितले, "आवाज होता तोवर यांना ऐकू यायचं नाही. आता आवाज गेला तर सगळं ऐकू येतं." ताई हसली आणि पद्मजाबाईही हसल्या, आवाज न करता. मिरजेच्या त्या घरात इतके सुखाचे दिवस पूर्वी कधी आले नव्हते.

सांगितले म्हणजे अर्थातच टॅबलेटने सांगितले. घशातल्या गाठीबरोबर डॉक्टरांना स्वरयंत्रही काढावे लागले होते. एका संशोधन प्रकल्पातून त्यांना हा बोलणारा टॅबलेट मिळाला. शाळेच्या स्नेहसंमेलनांची जुनी रेकॉर्डिंग त्याला ऐकवली होती. पडद्यावर टाइप करून 'बोल' हे बटण दाबले, की तो पद्मजाबाईंच्या आवाजात बोले. मुलींच्या शाळेत तीस वर्षे मराठी शिकवताना शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज, जरा गुळगुळीत झालेला, पण त्यांचाच.

वर्गात त्यांचा एक नियम असे. निबंध आधी वहीच्या मागच्या पानावर कच्चा लिहायचा. तिथे मनात येईल ते लिहावे, राग काढावा, चुका कराव्यात. मग वाचून, खोडून, पुढच्या पानावर पक्का लिहायचा. मागचे पान बाई कधी तपासत नसत, आणि हे मुलींना ठाऊक असे. आता स्वतःच्या बोलण्याला त्यांनी तोच नियम लावला होता. आधी मनातले सगळे टाइप करायचे, एकदा डोळे भरून बघायचे, पुसायचे आणि मग शहाण्यासारखे चार शब्द लिहून 'बोल' दाबायचे. तोंडाने बोलायच्या काळात ही सोय नव्हती, तोंडातून शब्द सुटे आणि मग दोन दिवस अबोला. आवाज जाऊन एवढा एक फायदा झाला, असे त्या स्वतःशी म्हणत.

जिनदत्तराव वीज कंपनीतून निवृत्त झालेले. उमेदीची वर्षे गेली ती वीजचोरी पकडणाऱ्या भरारी पथकात. कुणाच्या घराबाहेरच्या मीटरसमोर दहा मिनिटे उभे राहिले, की आत इस्त्री चालू आहे की पाण्याची मोटर, हे ते सांगत. प्रत्येक यंत्र आपापल्या चालीने वीज ओढते. फ्रिज दमादमाने ओढतो. इस्त्री तापेपर्यंत भसाभसा ओढते आणि मग थांबून थांबून. तारेतल्या प्रवाहाचा चढउतार मांडला, की चालीवरून यंत्र ओळखू येते. पुढे हे काम सॉफ्टवेअर करू लागले, आणि त्या सॉफ्टवेअरला शिकवणाऱ्यांत जिनदत्तराव होते. उंबरा न ओलांडता घर वाचता येते, हे ते पाहुण्यारावळ्यांना अभिमानाने सांगत.

टॅबलेट घरी आला, तेव्हा खोक्यात चार्जर नव्हताच, असे त्यांनी सांगितले. शिवाय उन्हाळ्यात गल्लीतली वीज वर-खाली होई. त्यांचा जुना डेस्कटॉप कॉम्प्युटर मात्र यूपीएसवर होता. म्हणून टॅबलेटची वायर कॉम्प्युटरच्या पुढच्या यूएसबी पोर्टात गेली. पोर्ट आणि वायर यांच्यामध्ये त्यांनी काडेपेटीएवढी एक काळी डबी बसवली, झटका आला तर टॅबलेट वाचावा म्हणून. मग ब्लेड घेऊन वायर मध्यावर सोलली. आत चार तारा निघाल्या. लाल आणि काळी वीज नेतात, हिरवी आणि पांढरी माहिती नेतात, असे त्यांनी पद्मजाबाईंना समजावले, आणि त्यांच्यादेखत हिरवी-पांढरी कापून टाकली. "आता या वायरीतून तुझा एक शब्द बाहेर जाणार नाही," ते म्हणाले. पद्मजाबाईंना नवऱ्याची ही काळजी फार आवडली.

कापण्याचा एक तोटा होता. आपल्याला किती वीज मिळेल, हे टॅबलेट कॉम्प्युटरला विचारतो ते त्या हिरव्या-पांढऱ्या तारांवरूनच. विचारायची सोय नसली, की तो बिचारा अर्धा अँपिअर घेऊन गप्प बसतो. पडदा चालू असेल तर तेवढा खर्चही होतो. सकाळी एक्केचाळीस टक्के असलेली बॅटरी संध्याकाळी बेचाळीस दाखवी, आणि रात्री कॉम्प्युटर बंद म्हणून तेही बंद. वायर काढली, की दोन तासांत टॅबलेट मान टाकी. त्यामुळे पद्मजाबाई दिवसभर कॉम्प्युटरच्या टेबलाशी बसून असत. दीड मीटरच्या वायरीत मावेल तेवढेच त्यांचे बोलणे झाले होते.

मार्चच्या शेवटी ऋजुता आली, त्यांची एकुलती एक लेक. सोलापूरला दिली होती, भूजलाचा अभ्यास केलेली. जिनदत्तराव भाजी आणायला मंडईत गेल्यावर ती आईच्या शेजारी स्टूल ओढून बसली आणि एका दमात सगळे सांगून मोकळी झाली. डेहराडूनच्या एका संस्थेत नोकरी मिळाली होती. बारा एप्रिलला रुजू व्हायचे होते, आणि तिथून ती प्रीतमकडे परतणार नव्हती. याआधी दोन नोकऱ्या नवऱ्याने गोडीगोडीत बुडवल्या होत्या. एकीचे पत्र तिच्यापर्यंत पोचलेच नाही, दुसरीच्या मुलाखतीच्या दिवशी घरात पाहुणे बोलावले. "आई, तुझ्याशिवाय कुणाला सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "पप्पांना तर नाहीच. ते आणि प्रीतम रोज फोनवर असतात."

पद्मजाबाईंनी 'बोल' दाबले असते, तर शेजारच्या अंगणापर्यंत ऐकू गेले असते. म्हणून त्यांनी नुसते टाइप केले आणि पडदा लेकीकडे वळवला. 'मूळ सर्टिफिकेटांची फाइल आधी घराबाहेर काढ. प्रीतमला बाराच्या आत कळू देऊ नकोस. मी तुझ्या बाजूने आहे.' ऋजुताने वाचले, आईच्या हातावर हात ठेवला आणि पदराने डोळे पुसावेत तसे ओढणीने पुसले. मायलेकींची ही कुजबुज होती. मग पद्मजाबाईंनी अक्षरे पुसली आणि मोठ्याने एवढेच म्हणाल्या, "सांभाळून जा."

चौथ्या दिवशी ऋजुताचा फोन आला. ती पुण्याला मैत्रिणीकडे निघून आली होती, पण हात हलवत. ती सोलापूरला पोचायच्या आधीच प्रीतमने फाइल उचलली होती आणि कुठे ठेवली ते सांगत नव्हता. मूळ कागद दाखवल्याशिवाय संस्था रुजू करून घेणार नव्हती. नव्या प्रती काढायच्या तर दोन महिने.

"पप्पांनी त्याला फोन केला होता," ऋजुता म्हणाली. "तारखेसकट. फाइलसकट. फाइलचं आपण दोघींनीच वाचलं होतं, आई."

पद्मजाबाईंनी घाईघाईने टाइप केले आणि बटण दाबले. "मी सांगितलं नाही. शपथ." टॅबलेट ते नेहमीच्या शांत, गुळगुळीत आवाजात बोलला. त्यात कंप नव्हता, रडू नव्हते, काहीच नव्हते.

"तुझ्या आवाजावरून आता काही कळतच नाही," ऋजुता म्हणाली आणि तिने फोन ठेवला. नंतर ती फोन उचलेना.

पद्मजाबाईंनी नवऱ्याला विचारले. ते बिलकुल गडबडले नाहीत. पोरीच्या चेहऱ्यावरून बापाला कळते, असे म्हणाले, आणि संसार मोडताना बघत बसायचे का, असेही म्हणाले. यात खोटे काय होते? पण चेहऱ्यावरून पोर दुःखी आहे हे कळते. बारा तारीख कळत नाही आणि फाइल तर नाहीच नाही.

तीस वर्षे वर्गात काढलेल्या बाईला कॉपी पकडता येते. दोन मुलींचे बरोबर उत्तर सारखे आले, तर त्यात काही सिद्ध होत नाही. चूक सारखी आली, की झाले. पद्मजाबाईंनी मुद्दाम एक चूक करायचे ठरवले. टेबलाशी बसून, वायर लावलेली असताना, त्यांनी टाइप केले, 'डावा गुडघा फार दुखतोय, पण यांना सांगायला नको.' आणि पुसून टाकले. गुडघा ठणठणीत होता. संध्याकाळी जिनदत्तराव मलमाची नळी घेऊन आले. "असू दे घरात, वय झालं आता," असे म्हणून त्यांनी ती टेबलावर ठेवली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वायर काढून टॅबलेट परसात नेला आणि उजव्या कानात ठणका लागल्याचे लिहून पुसले. दिवस गेला, काही झाले नाही. तिसऱ्या दिवशी तेच वाक्य त्यांनी वायर लावून लिहिले. दिवेलागणीला कानात घालायच्या थेंबांची बाटली घरात आली. ती हातात घेऊन पद्मजाबाई कितीतरी वेळ बसून राहिल्या. नवरा शेजारी बसून विचारत होता, आज आमटी बरी झाली का.

सकाळी जिनदत्तराव मंदिरात गेल्यावर त्यांनी कॉम्प्युटरला हात लावला. पासवर्ड नव्हता. जन्मभर दुसऱ्याची चोरी पकडणाऱ्या माणसाला आपली कुणी पकडेल, असे वाटत नाही. 'लोड शीट' नावाच्या तक्त्यात ओळीमागून ओळी होत्या. वेळ, वाक्य, आणि ते किती टक्के खात्रीचे. सगळी त्यांनी पुसलेली वाक्ये.

सॉफ्टवेअर कसे शिकले, हेही त्यांना तक्त्यावरूनच उमगले. पडद्यावरच्या प्रत्येक अक्षराची जागा वेगळी. बोट टेकले की तिथे उजेड पडतो, आतले यंत्र किंचित दचकते आणि वीज तेवढ्यापुरती तसूभर जास्त ओढते. प्रत्येक अक्षराचे दचकणे वेगळे. ती काळी डबी हे सेकंदाला हजारो वेळा मोजत होती, लाल-काळ्या तारेवरून. माहितीच्या तारा कापल्या काय आणि ठेवल्या काय. कुठले दचकणे म्हणजे कुठले अक्षर, हे मात्र कुणीतरी सांगायला हवे होते, आणि ते पद्मजाबाईच रोज सांगत होत्या. 'बोल' दाबून बोललेले प्रत्येक पक्के वाक्य कॉम्प्युटरच्या माइकला ऐकू जात होते. पक्के ऐकून ऐकून तो कच्चे वाचायला शिकला होता.

'आमटी खारट.' 'डोळ्यांवर ऊन येतं.' 'ताईकडे जावंसं वाटतं.' प्रत्येकासमोर जिनदत्तरावांनी बरोबरची खूण केली होती, काम झाल्याची. अगदी वरची ओळ ऑपरेशननंतरच्या महिन्यातली होती. 'असं जगून काय करायचं.' खात्री जेमतेम चाळीस टक्के; नीट वाचायला शिकायला सॉफ्टवेअरला पुढे वर्ष लागले होते. तिच्यासमोर त्यांनी लिहिले होते, 'लक्ष ठेवणे.' ते वाचून पद्मजाबाई क्षणभर विरघळल्या. माणूस घाबरला असेल. पण खाली त्या खुणा होत्या, एकीखाली एक. आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे सहा महिने ज्याला त्या माया समजत होत्या, त्याचा हा तक्ता होता. ऋजुताची फाइल चौऱ्याण्णव टक्के खात्रीने वाचली गेली होती, आणि तिच्यासमोरही बरोबरची खूण होती.

स्क्रू-ड्रायव्हरच्या खणात टॅबलेटचा चार्जर सापडला. त्याच्यावरचे प्लॅस्टिकसुद्धा काढलेले नव्हते. दोन तासांत बॅटरी भरणारा चार्जर. तो असता तर त्या वायरीशिवाय घरभर, गावभर बोलत हिंडल्या असत्या. तो खणात होता, कारण त्या वायरीला बांधलेल्या असायला हव्या होत्या. ऋजुताचे कळले तेव्हा त्यांना राग आला होता. चार्जर पाहून मात्र त्या रडल्या.

बारा तारखेला सात दिवस उरले होते. ती वायर उपटून नवऱ्याच्या पुढ्यात टाकावी, असे त्यांच्या मनात दहादा आले. पण त्याने लेकीची फाइल परत आली नसती. विचार करता करता त्यांच्या ध्यानात एक गोष्ट आली. आपण मोठ्याने जे बोलतो त्यावर हा माणूस छत्तीस वर्षांत कधी विसंबला नाही. आपण जे पुसतो त्यावर मात्र त्याचा पूर्ण विश्वास आहे.

त्यांनी डोळे पुसले, चार्जर होता तिथे ठेवला आणि टेबलाशी येऊन बसल्या. वायर लावली. 'प्रीतमने फाइल आपल्या घरी आणून ठेवली, तर ऋजुता डेहराडूनचा विचार सोडायला तयार आहे. ताईकडून निरोप आलाय. पण मी यांना सांगणार नाही. हे मला न विचारता फोन करून बसले.' गुडघा आणि कान सोडले, तर मागच्या पानावर त्या आयुष्यात पहिल्यांदा खोटे लिहीत होत्या. त्यांनी ते पुसले, आणि जिनदत्तराव मंदिरातून आल्यावर शांत आवाजात म्हणाल्या, "चहा ठेवता का?"

तिसऱ्या दिवशी प्रीतम स्वतः फाइल घेऊन आला. "मामा म्हणाले इथे राहू दे, म्हणून आणली," तो सासूबाईंच्या पाया पडत म्हणाला. सासऱ्यांना तो मामाच म्हणे. चहा प्याला, सोलापूरच्या उन्हाबद्दल बोलला आणि गेला. जिनदत्तरावांनी फाइल कपाटात ठेवली, बायकोला काहीच माहीत नसल्यासारखे. त्या दिवशी ते फार खूश होते. मुद्दाम जाऊन त्यांनी बायकोच्या आवडीची बर्फीही आणली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मंदिरात गेल्यावर पद्मजाबाईंनी चार्जर स्वयंपाकघरातल्या प्लगला लावला. गेले दोन दिवस ते बाहेर पडले की त्या हेच करीत होत्या, म्हणून आज टॅबलेट पहिल्यांदाच शंभर टक्के झाला. त्यांनी ऋजुताला लिहून पाठवले, 'फाइल घेऊन पुण्याला येते. बाकीचं समोर बसून सांगते.' उत्तर एका अक्षराचे आले. 'ये.' त्यांनी दोन साड्या पिशवीत भरल्या.

जिनदत्तराव दारात येऊन थबकले. उघडे कपाट, पिशवी, प्लगमधला चार्जर. सगळा मीटर त्यांनी एका नजरेत वाचला.

"मी तुझ्या टॅबलेटला हातसुद्धा लावलेला नाही," ते म्हणाले. "बाहेरचा मीटर वाचला फक्त. ऑपरेशननंतर तू काय लिहिलं होतंस, आठवतंय ना? मी भ्यालो होतो, पद्मा."

पद्मजाबाईंनी टाइप केले आणि 'बोल' दाबले. "तेव्हा जवळ येऊन बसायचं होतं."

त्यांची नजर पिशवीतून डोकावणाऱ्या फाइलवर गेली. "म्हणजे ऋजुता परत येणार होती, ते?"

"खोटं होतं."

जिनदत्तराव खुर्चीवर बसले. त्यांचा चेहरा एकाएकी म्हातारा झाला. "कच्च्यात खोटं लिहिलंस?" त्यांचा आवाज खरोखर फुटला होता. "माणूस बोलताना खोटं बोलतो, ते मी समजू शकतो. पण कच्च्यात? मी त्याच्यावर डोळे मिटून विश्वास ठेवत होतो गं."

ज्याचा विश्वासघात झाला, त्याच्यासारखे ते बसले होते, आणि त्यात ढोंग नव्हते. पद्मजाबाईंना त्यांची कीव आली, आणि कीव येते याचा रागही आला. त्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि टाइप करू लागल्या. एक ओळ झाली, दोन झाल्या, चार झाल्या. जिनदत्तरावांनी सवयीने कॉम्प्युटरकडे पाहिले. पोर्टातली वायर टेबलावरून खाली लोंबत होती, तिच्या टोकाला काही नव्हते.

पद्मजाबाईंनी लिहिलेले एकदा डोळे भरून वाचले आणि पुसून टाकले. 'बोल' त्यांनी दाबलेच नाही.

"काय लिहिलंस?" जिनदत्तरावांनी विचारले.

छत्तीस वर्षांत हे त्यांनी पहिल्यांदा विचारले होते. बाहेर रिक्षा येऊन थांबली होती. पद्मजाबाईंनी प्लगमधला चार्जर काढला, त्याची वायर नीट गुंडाळून पिशवीत फाइलशेजारी ठेवली आणि चपला घातल्या.